काउंट पडले म्हणजे काय? ब्लड कॅन्सर झालेल्या माणसाच्या नवऱ्यासाठी, बायकोसाठी

आमच्याकडे पावसात ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या की तो डेंग्यू, नाहीतर लेप्टो. बहुतेक वेळा खरंही तेच असतं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, जुलैत ताप आला तेव्हा मांडीवर, दंडावर निळे डाग उठले होते आणि कुठे आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. प्लेटलेट २२ हजार. शेजारच्या घरातून पपईच्या पानांचा रस आला, तोही तिने नाक दाबून प्यायला. दहा दिवस झाले तरी आकडा जागचा हलेना.

डेंग्यूत प्लेटलेट जशा भराभर उतरतात, तशा आठ-दहा दिवसांत आपसूक चढायलाही लागतात. इथे चढत नव्हत्या. त्यात हिमोग्लोबिन साडेसहा आणि पांढऱ्या पेशी ४८ हजार. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, अशा वाढत नाहीत. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि लॅबमध्ये फोन लावला, "मशीनचा आकडा नको, स्लाइड लावून डोळ्यांनी बघा." संध्याकाळी आलेल्या रिपोर्टात एक नवा शब्द होता: ब्लास्ट. पुढे मुंबईत बोन मॅरो तपासल्यावर पूर्ण नाव कळलं, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल.

मी डॉक्टर नाही, देवगडचा आंबा बागायतदार आहे. औषध कोणतं आणि किती हे ठरवणारे वेगळे. पण रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असतो तो नवरा किंवा बायको, आणि त्याने नेमकं काय बघायचं हे कुणी बसवून सांगत नाही. जो तो म्हणतो, "धीर द्या." धीर हिच्याकडे माझ्यापेक्षा जास्तच होता. माझ्या वाट्याला आला तो पहारा, मार्चमध्ये बागेत माकडांवर ठेवावा लागतो तसला, रात्रीचाही.

आढीतली कच्ची फळं

मटणाची नळी फोडून आपण मगज चोखतो, तोच आपल्याही हाडांत असतो. पुस्तकात त्याला अस्थिमज्जा म्हणतात, वॉर्डात सगळे बोन मॅरो म्हणतात. रक्तातल्या तिन्ही जातींच्या पेशी तिथे तयार होतात: प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट.

मी ते आंब्याच्या आढीवरून समजून घेतलं. आढीत फळ कच्चं जातं आणि पिकून बाहेर येतं. ल्युकेमियात एका पेशीच्या जनुकांत बिघाड होतो, ती पिकायचं विसरते आणि आपल्यासारख्याच कच्च्या पेशी काढत सुटते. त्या कच्च्या पेशी म्हणजे ब्लास्ट. आढी त्यांनीच भरते, चांगल्या फळाला जागा उरत नाही. तांबड्या कमी पडल्या की जिना चढताना दम लागतो, प्लेटलेट कमी पडल्या की डाग उठतात. आणि पांढऱ्या कागदावर ४८ हजार दिसल्या तरी त्यातल्या बहुतेक निकामी, म्हणून ताप हटत नाही.

हे कळल्यावर पहिली रात्र मी एकाच विचारात काढली. बागेत फवारणी मी करतो, फवारणीचे कपडे ती धुते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलंच. बेंझिनसारखी रसायनं, किरणोत्सर्ग, आधी कधीतरी झालेली केमो, धूम्रपान, अशी काही कारणं माहीत आहेत. पण बहुतेक रुग्णांत बोट ठेवता येईल असं एक कारण सापडतच नाही, असं ते म्हणाले. फवारणीचे कपडे तेव्हापासून मी स्वतः वेगळे धुतो, ते मुळातच धुवायला हवे होते. पण "माझ्यामुळे झालं" हे ओझं घेऊन उपचारात उभं राहता येत नाही. आणि हा आजार संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून तो कुणाला लागत नाही. ज्यांनी आमच्या घरचं पाणी प्यायचं टाळलं त्यांना हे सांगायला माझ्याकडे तेव्हा वेळ नव्हता.

ब्लड कॅन्सर हा एक आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा ही तीन मोठी घराणी, आणि प्रत्येकात पोटजाती. अक्यूट म्हणजे आठवड्यांत बिघडणारा, क्रॉनिक म्हणजे सावकाश चालणारा. सीएमएल नावाच्या क्रॉनिक जातीत बरेच जण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करतात. त्या गोळीच्या, म्हणजे इमॅटिनिबच्या, पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून आपल्या देशात ती स्वस्तात मिळते. लिम्फोमात गाठी येतात आणि पुष्कळदा दर २१ दिवसांनी केमो देऊन घरी सोडतात. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, तर एएमएलचे काही महिन्यांतच पण फार जोराचे. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांकडून आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. शेजारच्या गावातल्या कुणाला "हाच" आजार होता आणि त्याचं काय झालं, या गजालींतला निम्मा भाग तिथेच गळून पडतो.

"कितव्या स्टेजला आहे?" हा भेटायला येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न. अक्यूट ल्युकेमिया रक्तातच असतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्या अंगात. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरसारख्या एक ते चार पायऱ्या त्याला नसतात. तिथे जनुकांचे रिपोर्ट बघून धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवतात, आणि ते रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतात. ते दिवस कठीण जातात.

काउंट

एएमएलच्या पहिल्या केमोला वॉर्डात "सात-तीन" म्हणतात. एक औषध सात दिवस, दुसरं त्यातले तीन दिवस. दुसरं लाल रंगाचं असतं आणि पुढचा दिवसभर लघवीही लालसर होते. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रक्त जातंय समजून ही न्हाणीघराच्या दाराला धरून उभी राहिली होती आणि मी सिस्टरला हाका मारत धावलो होतो. सिस्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

औषध ब्लास्टना मारतं तसं मज्जेतल्या चांगल्या पेशींनाही मारतं. आढी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरायची असा तो डाव. केमो देतात ते दिवस म्हणूनच त्या मानाने बरे जातात. खरी घसरण नंतर. आधी भरलेल्या पेशी संपत जातात, नव्या तयार झालेल्या नसतात, आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्त अगदी तळाला जातं. पहिल्या सात-तीननंतर ते सावरायला तीन-चार आठवडेही लागतात. वॉर्डाच्या भाषेत "काउंट पडले". मग एक दिवस आकडा हलतो आणि शेजारच्या खाटेवरचे लोक सांगतात, "काउंट आले." या दोन वाक्यांमधल्या दिवसांत माणूस जातो तो बऱ्याचदा कॅन्सरने नाही, साध्या जंतूने. जोडीदाराचा पहारा लागतो तो इथे.

रिपोर्टातला एक आकडा स्वतः काढायला शिका. त्याला एएनसी म्हणतात, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एकूण किती. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं. पांढऱ्या १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर एएनसी ३६०. हजाराच्या खाली जपायचं, पाचशेच्या खाली घरात शिपाई नाहीत असं समजायचं. शिपाई नसले की पूही होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, कारण पू म्हणजे लढाईत मेलेले शिपाईच. जंतू शिरल्याची खूण एकच उरते, ताप.

तोंडात मोजलेला ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, तर ती धावपळीची वेळ. काखेत मोजलं तर आकडा थोडा कमी दिसतो. काखेत मोजणार असाल तर कोणता आकडा धरायचा ते आधीच विचारून ठेवा. ताप नसतानाही हुडहुडी भरली, श्वास लागला, नाकातलं रक्त दाबून धरूनही थांबेना, शौच काळी झाली, डोकं असह्य दुखायला लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तरी तसंच निघायचं.

आणि पॅरासिटमॉल द्यायची नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी नाही. ती ताप उतरवते, जंतू तिथेच राहतो, आणि आपण सकाळपर्यंत निर्धास्त झोपतो.

हे मला पाठ होतं, तरी चूक माझ्याकडून झाली. पहिल्या महिन्यानंतर मज्जेत ब्लास्ट दिसेनासे झाले, त्याला रेमिशन म्हणतात. ते टिकवायला पुढच्या केमो असतात. त्यातली पहिली झाली आणि गणपती आले. रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिने काही मागितलं नाही, फक्त गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधलं ते फोनवर विचारत होती. मीच म्हणालो, चल, चार दिवसांत परत येऊ.

केमोचा तो बारावा दिवस. भजन आटोपून मंडळी गेली, पेट्रोमॅक्सचा वास अजून पडवीत होता. रात्री दीडला ही म्हणाली, "अहो, चादर द्या अजून एक." सप्टेंबरातली ती दमट रात्र, पंखा चालू, आणि तिचे दात वाजत होते. थर्मामीटर १००.९. माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात, खरं सांगतो, गोळीची पट्टी होती. आई म्हणाली, "सकाळी बघूया, आता खंय जातलास?" मुंबई साडेचारशे किलोमीटर, चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरलेला.

आम्हाला वाचवलं ते फाइलच्या पहिल्या पानावरच्या पत्राने. पहिल्या डिस्चार्जच्या वेळी ते मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं होतं. केमो झालेला रुग्ण आहे, काउंट कमी आहेत, ताप १००.४ च्या वर असेल तर रक्ताचं कल्चर (जंतूंची तपासणी) घेऊन तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं, रिपोर्टची वाट पाहू नये. खाली अँटिबायोटिकचं नाव, डोस आणि वॉर्डाचा नंबर. आमच्यापासून पाऊण तासावरच्या एका रुग्णालयात अडीचला पोहोचलो. ड्यूटीवरचा पोरगेला डॉक्टर म्हणाला, "तापाची सुई मारतो, सकाळी सर येतील." मी पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, वॉर्डात फोन लावला, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी सलाइनमधून पहिला डोस गेला. तो पोरगा पुढे पहाटेपर्यंत खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसला होता. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्सने मुंबई, मग नऊ दिवस ॲडमिट.

असं पत्र मागून घ्या. अँटिबायोटिकसाठी जवळात जवळ कुठे जायचं, रात्री गाडी कोण काढेल, हे ताप येण्याआधी ठरवा. कोकणात राहणाऱ्याला मोठं रुग्णालय दूर असतं, पण पहिला डोस दूर असायला नको. "तापाची सुई" दंडात किंवा कंबरेत घेऊ देऊ नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळतं. ॲस्पिरिन, ब्रुफेन नको. एनिमाही नको.

पेज, बांगडा आणि पपनस

सगळ्यात जास्त सल्ले खाण्यावरून मिळतात. पूर्वी काउंट कमी असताना सगळं कच्चं पूर्ण बंद असायचं. त्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसून आलेलं नाही, त्यामुळे आता भर स्वच्छतेवर आणि शिजवण्यावर आहे. तरी तुमच्या वॉर्डाचा जो नियम असेल तोच पाळा.

आमच्या घरात तो असा उतरला: ताजं रांधायचं, गरम खायचं, उरलेलं तिने खायचं नाही. पावसात विहिरीचं पाणी खळखळून उकळायचं. मासळी चालते आणि प्रथिनांसाठी हवीच, पण ताजी आणि काट्यापर्यंत शिजलेली. बांगड्याचं तिखलं चाललं. कालवं आणि तिसऱ्या नाहीत, कारण ती ज्या पाण्यात वाढतात त्यातले जंतू धरून ठेवतात. अंगणात वाळवलेली सुकट-बोंबीलही तेवढे महिने बंद. आंबा स्वच्छ धुऊन, सोलून, घरी कापलेला चालतो. बाहेरची कापलेली फळं आणि रस नाही.

पपनस मात्र लक्षात ठेवा. माटवीला हौसेने बांधतो तेच. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही भावंडं, दोन्हींतली द्रव्यं काही औषधं पचवण्याच्या शरीराच्या कामात ढवळाढवळ करतात. इमॅटिनिबसारख्या गोळ्यांबरोबर ती खाल्ली तर रक्तात औषध नको तेवढं साठू शकतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. केमोच्या सुरुवातीला पेशी फुटून रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असू शकतं, तेव्हा विचारल्याशिवाय तेही नको. गुळवेल कुणीतरी कुंपणावरून तोडून आणून देतंच. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवून प्रसिद्ध केले आहेत. केमोत यकृतावर आधीच भार असतो. मी हात जोडून घेतली आणि ठेवून दिली.

केमोत तोंडाची चव जाते, सगळं लोखंडासारखं लागतं. माशाच्या वासाने हिला मळमळायचं, म्हणून तळणं बंद केलं. तोंड आलं तेव्हा कोकम झोंबायचं, सोलकढीही गेली. शेवटी उरली उकड्या तांदळाची पेज. ती मी करायला शिकलो, पहिल्या दिवशी करपवली. थोडी थोडी, दर दोन तासांनी. "खा गं" म्हणून पाठीस लागण्यापेक्षा वाटी हाताशी ठेवून उठून जावं, अर्धी तरी संपते. मऊ ब्रश, आणि कोमट पाण्यात चिमूट मीठ व चिमूट खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. मिशेरी पूर्ण बंद. आमच्याकडच्या बायकांना ते सिगारेट सोडण्याइतकं अवघड जातं, आणि त्याची चर्चा घरात कुणी करत नाही.

प्लेटलेट लागतात तेव्हा

रक्तस्राव नसेल तर सहसा प्लेटलेट १० हजाराच्या खाली गेल्यावर चढवतात. एकाच माणसाकडून मशीनने काढलेल्या पिशवीला एसडीपी म्हणतात. देणाऱ्याला साधारण तास-दीड तास बसावं लागतं, बाकीचं रक्त त्याच्या अंगात परत जातं.

इथे आपलं कोकण कामी येतं. गावाचं मंडळ मुंबईत असतंच, डोंबिवली-विरारपासून लालबागपर्यंत माणसं पसरलेली. मी ग्रुपवर एक हाक दिली आणि एका शनिवारी चौदा जण ब्लड बँकेत हजर. डोळ्यांत पाणी आलं, पण ते चुकलंच. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. चौदा पिशव्यांचा एका दिवशी उपयोग नाही, आणि पुढच्या आठवड्यात लागल्या तेव्हा एकही जण मोकळा नव्हता. मग भाच्याने वहीत पाळ्या लावल्या: कुणाचा गट कोणता, कुणाची शिरा चांगली, कोण रात्रपाळीला, कुणी तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नाही. आठवड्याला तीन नावं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, माझा घ्या. नवरा-बायकोचा मॅरो जुळण्याची शक्यता नगण्य असते, आणि ते रक्तगटावर ठरत नाही. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील आणि मुलं अर्धी जुळतात. म्हणून ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता असेल तर रक्ताच्या नातेवाइकांचं रक्त रुग्णाला चढवू देत नाहीत, त्यांनी ते बदली म्हणून द्यावं. हिचा धोका मध्यम-कमी निघाला आणि ते टळलं. त्याच सुमारास "भारतात नवी कार-टी थेरपी आली" हा मेसेज मला निदान तीस जणांनी पाठवला. आयआयटी मुंबई आणि टाटा कॅन्सर रुग्णालयाने मिळून केलेल्या त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली हे खरं, अभिमानाचंही. पण तो बी जातीच्या पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, तेही आजार उलटल्यावर. एएमएलसाठी नाही. पूर्ण नाव लिहून ठेवण्याचा हा आणखी एक फायदा.

घर, माणसं, पैसा

घरात मला भीती वाटली ती ओलीची. पावसात आमच्या भिंतींना बुरशी धरते, आणि न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशी शिरली तर जिवावर बेतते. कोरडी, ऊन येणारी खोली तिला दिली. पेंढा, शेणगोठा, कंपोस्ट, जुनी लाकडं उपसणं, सगळ्यापासून लांब. ताजी फुलंही नाहीत. केस गेल्यावर तिला सगळ्यात जास्त लागलं ते मार्चमध्ये, बाजारात केसांत माळायचे सुरंगीचे वळेसर आले तेव्हा. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काउंट वाढवायचं इंजेक्शन घरी द्यायचं असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. मासळीसारखं थेट बर्फात पुरू नका, गोठलं की ते गेलं. लाइट गेली तर बर्फाच्या पिशवीभोवती टॉवेल गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा. केमोनंतर दोन दिवस लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला.

शरीरसंबंधांबद्दल कुणी डॉक्टर आपणहून बोलत नाही. काउंट फार कमी असताना टाळायचे, एरवी निरोध वापरायचा, आणि उपचारात दिवस जाता कामा नयेत, एवढं मी एका वयस्क सिस्टरना विचारून घेतलं. मूल हवं असलेलं तरुण जोडपं असेल तर वीर्य किंवा बीज साठवण्याचं केमो सुरू होण्यापूर्वी विचारायला हवं.

लिम्फोमा, मायलोमा किंवा लिम्फोब्लास्टिक असेल तर औषधात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. आमच्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ, सालस माणूस, त्या दिवसांत रात्री तीनला उठून बायकोवर ओरडायचे. ती बाहेर येऊन रडायची. डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ सकाळची केली आणि बरंच निवळलं. माणूस बदललाय असं वाटलं तर आधी औषधांची यादी बघा.

"तिला सांगू नका" असं माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं होतं. मी दोन दिवस नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "कॅन्सरच्या वॉर्डात आणून ठेवलंय, मला वाचता येतं." देवळात गाऱ्हाणं घातलं, तिलाही बरं वाटलं. कौल लावून केमोची तारीख ठरवू या असं कुणी म्हणालं, तेव्हा मी पहिल्यांदा भावकीसमोर आवाज चढवला. अक्यूट ल्युकेमियात आठवडा हातचा जातो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते कॅशलेस असतं; आधी बिल भरून नंतर मागता येत नाही. म्हणून ॲडमिट होण्याच्या दिवशीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत, त्याचा ठरलेला फॉर्म रुग्णालय देतं. तुतारीने सकाळी दादरला उतरता येतं, खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्या तिथल्या केंद्राला, जाणाऱ्यांनी पनवेलला उतरावं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. डॉक्टरांचं पत्र लागतं आणि रांग असते, म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाला. सिंधुदुर्गातले पुष्कळ लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. अक्यूट ल्युकेमियाची पहिली केमो मोठ्या केंद्रातच झालेली बरी, मधल्या रक्ततपासण्या जवळ होतात का ते विचारा.

माझं स्वतःचं ब्लड प्रेशर वॉर्डातल्या सिस्टरने गंमत म्हणून बघितलं, १७०. दोन महिने माझ्या गोळ्या घ्यायचं राहिलं होतं. तेव्हापासून आठवड्यातल्या दोन रात्री मेहुणी थांबायची आणि मी धर्मशाळेत झोपायचो. सुरुवातीला लाज वाटली.

या सगळ्यात एक दोनशे पानी वही होती. तारीख, केमोचा कितवा दिवस, ताप चार वेळा, हिमोग्लोबिन, एएनसी, प्लेटलेट, काय खाल्लं, शौच झाली का, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. मुंबईतल्या डॉक्टरांनी एकदा ती उलट फिरवून स्वतः वाचली होती. आता महिन्याला एक रक्ततपासणी असते, तेवढीच नोंद होते. परवा वही शोधताना बघितलं, पहिल्या केमोच्या पानांवर, जिथे मी ओळीने तीन दिवस "पेज, अर्धी वाटी" लिहिलं होतं, तिथे तिने कधीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "मीठ नव्हतं. तिन्ही दिवस."